नदीखोऱ्यातील परिसंस्था सेवा : पुरवठा आणि मागणी यांचा मेळ नेमका कुठे घालायचा?

उपखोरे (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. एका मध्यम आकाराच्या नदीखोऱ्यात परिसंस्थांच्या सेवांचा, म्हणजे निसर्गाकडून माणसाला मिळणाऱ्या लाभांचा, पुरवठा आणि त्यांची मागणी यांचा मेळ कितपत बसतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. पाणी, अन्नधान्य, मातीची धूप रोखली जाणे आणि कार्बन शोषला जाणे अशा चार सेवा मी घेतल्या असून, खोऱ्याचे एक किलोमीटर बाजूचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात या चारही सेवांचा पुरवठा आणि मागणी काढली आहे. पाण्याचा पुरवठा 'इन्व्हेस्ट' या परिसंस्था सेवा मोजणाऱ्या संगणकीय प्रारूपाने, धूपरोधाचा आरयूएसएलई या धुपीचा अंदाज देणाऱ्या समीकरणाने आणि कार्बनचा वनस्पतींच्या निव्वळ प्राथमिक उत्पादनावरून (त्यांनी शोषलेल्या कार्बनमधून त्यांचे स्वतःचे श्वसन वजा जाता उरते ते) काढला. मागणीसाठी पाणी आणि धान्य यांच्या बाबतीत लोकसंख्या गुणिले दरडोई वापर, कार्बनच्या बाबतीत उत्सर्जन, तर धुपीच्या बाबतीत प्रत्यक्ष होणारी धूप असे आकडे धरले. मग पुरवठ्यातून मागणी वजा करून, आलेल्या बाकीला दोहोंच्या कमाल मूल्यांच्या सरासरीने भागले. या विषयावरच्या बऱ्याच शोधनिबंधांत हेच गुणोत्तर वापरलेले असते.

नकाशा अपेक्षेप्रमाणेच आला. उगमाकडचा डोंगराळ भाग हिरवागार (आधिक्य), मधली शेती फिकट पिवळी आणि शहरे व नदीमुखाजवळचा पट्टा लालभडक (तूट). मार्गदर्शकांनी तो दोन मिनिटे पाहिला आणि विचारले, "डोंगरात झाडे असतात आणि शहरात माणसे, हे सिद्ध करायला तीन वर्षे लागली का?" त्यांचा रोख बरोबर आहे, म्हणूनच हा प्रश्न येथे मांडतो आहे.

प्रत्येक चौकोनातील तूट ही खरोखर समस्या मानायची का? मानायची, तर संतुलन साधण्यासाठी सुचवायचे काय? शहराच्या चौकोनात धान्य पिकवा, असे कोणी म्हणणार नाही. दुसरी अडचण कार्बनची आहे. खोऱ्यातील सगळी पडीक जमीन जंगलाखाली आणल्याचे गृहीत धरले, तरी कार्बनची तूट जागची हलत नाही. यात माझे कुठे चुकते आहे का?

नकाशेवाला

तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळण्याआधी आकडेमोडीबद्दल बोलतो, कारण तुमच्या वर्णनात मला किमान तीन ठिकाणी शंका येते आणि आकडे डळमळीत असतील तर पुढची सारी चर्चा हवेत होईल.

कार्बनपासून सुरुवात करू. निव्वळ प्राथमिक उत्पादनाचे उपग्रहीय आकडे बहुधा कार्बनच्या वजनात दिलेले असतात, तर उत्सर्जनाचे आकडे बहुधा कार्बन डायऑक्साइडच्या वजनात. कार्बनच्या अणूचे वजन १२ आणि कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचे ४४, म्हणजे दोहोंत ३.६७ पटींचा फरक आहे. तुम्ही एक बाजू एका एककात आणि दुसरी दुसऱ्यात ठेवली असेल, तर तूट आपोआप फुगते आणि कितीही झाडे लावली तरी ती भरून निघत नाही. याच्या उलट दिशेची एक चूकही असू शकते. निव्वळ प्राथमिक उत्पादन म्हणजे जमिनीत साठून राहिलेला कार्बन नव्हे. पालापाचोळा कुजताना मातीतील सूक्ष्मजीव त्यातला बराचसा पुन्हा हवेत सोडतात आणि ते श्वसन वजा केल्याशिवाय खरी शोषणक्षमता कळत नाही. पहिली चूक तूट फुगवते, दुसरी ती झाकते. दोन्ही एकत्र आल्या तर हाती आलेल्या आकड्याला कसलाच अर्थ उरत नाही.

धुपीच्या बाबतीतली गफलत अधिक छुपी आहे, आणि ती छापून आलेल्या निबंधांतही मी पाहिली आहे. आरयूएसएलईमध्ये जमीन पूर्ण उघडी असती तर किती माती वाहिली असती, ही संभाव्य धूप आधी काढतात आणि त्यातून प्रत्यक्ष धूप वजा करून उरलेल्या आकड्याला पुरवठा म्हणतात. आता एक चौकोन घ्या. संभाव्य धूप १०० टन, वनस्पतींनी आणि बांधबंदिस्तीने रोखली ६० टन, वाहून गेली ४० टन. तुमच्या पद्धतीने पुरवठा ६०, मागणी ४० आणि बाकी अधिक २०, म्हणजे चौकोन हिरवा! प्रत्यक्षात तिथून दरवर्षी ४० टन माती जाते आहे. याचे कारण असे की, इथे मागणी म्हणून धरलेला आकडा ही एकूण मागणी नसून न भागलेली मागणी आहे, आणि तिला पुरवठ्यातून पुन्हा वजा करण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा त्या मातीला किती धूप सोसवेल याची मर्यादा ठरवून प्रत्यक्ष धूप तिच्याशी ताडून पाहावी. अमेरिकेच्या कृषी खात्याची मर्यादा मातीच्या प्रकारानुसार हेक्टरी वर्षाला साधारण २ ते ११ टन अशी आहे. तुमच्या मातीसाठी स्थानिक अभ्यास असेल तर तोच घ्यावा.

पाण्याबद्दल थोडक्यात. 'इन्व्हेस्ट'चे वार्षिक जलोत्पादनाचे प्रारूप पावसातून बाष्पोत्सर्जन (जमिनीतून आणि वनस्पतींतून वाफ होऊन हवेत जाणारे पाणी) वजा करते आणि त्याचे निकाल उपखोऱ्याच्या पातळीवर बेरीज करून वाचावेत, एकेका पिक्सेलवर (नकाशाच्या सर्वांत लहान चौकटीवर) विसंबू नये, असे त्याच्या माहितीपुस्तिकेतच म्हटले आहे. पिक्सेलवर वाचले की कशी गंमत होते पाहा : डांबर आणि काँक्रीट यांतून बाष्पोत्सर्जन जवळजवळ होत नाही, त्यामुळे शहराचे चौकोन जंगलापेक्षा अधिक पाणी 'पिकवताना' दिसतात.

आणि गुणोत्तराच्या छेदात संपूर्ण क्षेत्रातील कमाल मूल्ये असल्यामुळे एका दाट वस्तीच्या चौकोनाने सगळ्या नकाशाचे रंग बदलतात, हेही लक्षात असू द्या. दोन वर्षांची तुलना करणार असाल तर छेद दोन्ही वर्षांना एकच ठेवावा. काही जण तर पुरवठा आणि मागणी स्वतंत्रपणे शून्य ते एक अशा पट्टीवर आणतात आणि मग वजाबाकी करतात. पुरवठ्याचे कमाल मूल्य १०० आणि मागणीचे १,००० असेल, तरी दोन्ही 'एक' होतात आणि ९०० एककांची तूट 'पूर्ण संतुलन' म्हणून छापली जाते.

गाळकण

नकाशेवाल्यांनी हिशेबाची बाजू चोख मांडली आहे. मला मार्गदर्शकांच्या प्रश्नाकडे वळावेसे वाटते, कारण एककांच्या चुका दुरुस्त करूनही तुमचा नकाशा बहुधा हिरवा-लालच राहील.

चौकोनातल्या चौकोनात पुरवठा आणि मागणी सारखी असावी, असा कोणताही नैसर्गिक नियम नाही. सेवा जिथे निर्माण होते तिथून ती जिथे उपभोगली जाते तिथवर वाहत जाते, आणि हे वाहणे प्रत्येक सेवेचे वेगळे असते. पाणी उतारानेच जाईल. धान्य रस्त्याने आणि बाजारातून जाते, त्याला पाणलोटाची सीमा ठाऊक नसते. नदीकाठच्या निवांतपणाचा लाभ घ्यायला माणूस स्वतःच सेवेकडे चालत जातो. कार्बनला तर दिशाच नाही, कारण हवेत मिसळल्यावर तो कोणत्या खोऱ्यातला होता हा प्रश्न निरर्थक ठरतो. त्यामुळे खोऱ्याच्या सीमेत कार्बनचे संतुलन शोधणे हा माझ्या मते हिशेबनिसाचा खेळ आहे. तो आकडा हवामान धोरणासाठी जरूर द्या, पण पाण्याच्या तुटीशेजारी त्याच रंगात रंगवू नका.

या क्षेत्रातील लिखाणात तीन प्रकारचे प्रदेश वेगळे काढण्याची पद्धत आता रुळली आहे : सेवा पुरवणारा, सेवेचा लाभ घेणारा आणि या दोहोंना जोडणारा. मधल्याला मी दुवाक्षेत्र म्हणतो. सिंचनवाल्यांचा 'लाभक्षेत्र' हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहेच, आणि कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला लाभक्षेत्रात असणे आणि लाभ मिळणे यांतला फरक कोणी समजावून सांगावा लागत नाही. तुमच्या प्रबंधाला नवे सांगण्यासारखे काही असेल, तर ते या दुवाक्षेत्रातच सापडेल. डोंगरातले आधिक्य शहरापर्यंत पोहोचते का, वाटेत कोठे अडते, आणि कोठे भलत्याच स्वरूपात पोहोचते?

पाण्यासाठी हे करणे फारसे अवघड नाही. उपखोऱ्यांचा क्रम उगमापासून मुखापर्यंत लावा. प्रत्येक उपखोऱ्यात स्वतःचे जलोत्पादन आणि वरून आलेली बाकी यांची बेरीज करा, त्यातून नदीसाठी राखून ठेवायचा प्रवाह बाजूला काढा, प्रत्यक्ष खपलेले पाणी वजा करा आणि उरलेले खाली सोडा. 'खपलेले' हा शब्द मी मुद्दाम वापरला. घरगुती वापरासाठी उचललेल्या पाण्याचा बराच मोठा भाग सांडपाणी होऊन नदीत परततो. म्हणजे शहराने पाणी संपवलेले नसते, त्याने पाणी शुद्ध करण्याची एक नवी मागणी निर्माण करून ती खालच्या उपखोऱ्याच्या माथी मारलेली असते. तुमच्या चार सेवांत जलशुद्धीकरण नाही, ही उणीव मला कार्बनच्या गोंधळापेक्षा मोठी वाटते.

आता मातीबद्दल, म्हणजे माझ्या आवडीच्या विषयाबद्दल. रोखलेला प्रत्येक टन आपण सर्वत्र लाभाच्या रकान्यात टाकतो. डोंगरउतारावरच्या शेतकऱ्यासाठी आणि धरणासाठी तो लाभच आहे. पण नदीमुखाजवळचा त्रिभुज प्रदेश गाळावरच उभा असतो आणि गाळ येणे थांबले की समुद्र तो खाऊ लागतो. नाईल नदीवर आस्वानचे उंच धरण १९७० मध्ये पूर्ण झाल्यावर नदीचा जवळजवळ सगळा गाळ जलाशयात अडू लागला आणि नदीमुखावरील रोझेटाजवळचा किनारा झपाट्याने मागे हटला. चीनच्या पीत नदीत एकेकाळी वर्षाला सुमारे १६० कोटी टन गाळ वाहत असे. पायऱ्यांची शेती, गाळ अडवणारे छोटे बांध, मोठी धरणे आणि १९९९ पासून उताराची शेते जंगल व गवताखाली आणण्याची मोहीम यांमुळे तो कित्येक पटींनी घटला. त्या नदीच्या खोऱ्यातील लोएस (वाऱ्याने साठलेल्या मऊ मातीच्या) पठारावरचे लोक याला यश म्हणतात आणि ते आहेच, परंतु नदीमुखाकडून पाहिले तर चित्र निराळे दिसते. शिवाय लावलेली झाडे पाणी पितात. त्या पठारावरील नवी हिरवाई तिथल्या पाण्याच्या मर्यादेजवळ पोहोचल्याचे २०१६ च्या एका शोधनिबंधाने दाखवले होते. म्हणजे एकाच उपायाने धूपरोधाचा पुरवठा वाढला, पाण्याचा घटला आणि नदीमुखाची गाळाची मागणी भागेनाशी झाली. सगळी पडीक जमीन जंगलाखाली आणण्याचे जे गृहीतक तुम्ही कार्बनसाठी चालवून पाहिलेत, तेच पाण्याच्या प्रारूपातही घाला आणि कोरड्या महिन्यांत मुखाजवळ किती पाणी उरते ते पाहा.

काठावरची

वरील दोन्ही उत्तरांशी मी बव्हंशी सहमत आहे, पण 'संतुलन' या शब्दाबद्दल एक हरकत नोंदवते. संतुलन म्हटले की तराजूची दोन पारडी डोळ्यांसमोर येतात, आणि ती कोणाच्या हातात आहेत हे विचारायचे राहून जाते. नदीच्या प्रदेशात वरचा माणूस सेवा राखण्यासाठी काही सोडतो आणि खालचा माणूस तिचा उपभोग घेतो. वरच्याने सोडलेल्या गोष्टीची भरपाई कशी होते, यावर मेळ टिकेल की मोडेल हे ठरते. म्हणून नकाशावर लाल आणि हिरवा यांच्यामध्ये बाण काढलेत, तर प्रत्येक बाणाच्या उलट दिशेने काय जाते हेही लिहावे. पैसा, नोकऱ्या, निर्बंध, की काहीच नाही?

न्यूयॉर्क शहराचे उदाहरण सर्वांना ठाऊक असते, पण त्यातला तपशील सहसा गाळला जातो. शहराचे सुमारे ९० टक्के पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर या वायव्येकडच्या डोंगरी पाणलोटांतून येते, त्यातले काही २०० किलोमीटरवरून. गाळणप्रकल्प बांधायचा तर ६ ते ८ अब्ज डॉलर लागतील असे अंदाज होते. त्याऐवजी १९९७ मध्ये शहर, राज्य, केंद्रीय पर्यावरण संस्था आणि पाणलोटातील गावे यांच्यात करार झाला, आणि शहराने पाणलोटातील शेतांवरच्या सुधारणांसाठी, मैलापाण्याच्या व्यवस्थेसाठी आणि जमीनखरेदीसाठी पैसे द्यायचे ठरले. त्यातली एक अट मला फार महत्त्वाची वाटते. जमीन फक्त विकायला तयार असलेल्यांकडून आणि बाजारभावानेच घ्यायची, सक्तीने संपादन करायची नाही. आधीच्या दशकांत जलाशयांसाठी तिथली गावे उठवली गेली होती. ती आठवण नसती, तर ही अट कदाचित घातलीही गेली नसती.

चीनमधील शिनआन नदीचा करार याहून सरळ आहे. ही नदी आनह्वी प्रांतातून चेच्यांग प्रांतातील छ्येनताव सरोवरात येते. २०१२ पासूनच्या पहिल्या तीन वर्षांच्या प्रयोगात केंद्र सरकारने दरवर्षी ३० कोटी युआन आणि दोन्ही प्रांतांनी प्रत्येकी १० कोटी युआन ठेवायचे ठरले. प्रांतांच्या सीमेवर पाण्यातील अमोनिया नायट्रोजन, एकूण नायट्रोजन, एकूण फॉस्फरस आणि परमँगनेट निर्देशांक (सेंद्रिय प्रदूषणाचे एक माप) मोजायचे. पाणी ठरलेल्या कसोटीला उतरले तर खालच्या प्रांताने वरच्याला १० कोटी द्यायचे, उतरले नाही तर वरच्याने खालच्याला. सगळा करार सीमेवरच्या एका मोजणीवर उभा आहे. तुमच्या खोऱ्यात अशी मोजणी कोठे करता येईल, हे तुमच्या नकाशावरून सांगता आले तर मार्गदर्शक दुसऱ्यांदा तो प्रश्न विचारणार नाहीत.

नकाशेवाला

काठावरची यांना एक छोटा प्रतिवाद. न्यूयॉर्कचा करार जमला, कारण ग्राहक एकच होता, त्याच्याकडे पैसा होता आणि पर्यायाची किंमत सर्वांना दिसत होती. बहुतेक खोऱ्यांत लाभ घेणारे शेकडो, विखुरलेले आणि परस्परांचे स्पर्धक असतात. खुद्द डेलावेअरचेच पाहा. शहर जे पाणी उचलते ते बोगद्यातून खोऱ्याबाहेर जाते, म्हणजे खालच्या राज्यांना त्यातले काही परत मिळत नाही. हा वाद थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५४ च्या निवाड्यानुसार शहराने आपल्या जलाशयांतून पाणी सोडून डेलावेअर नदीवरील मॉन्टेग्यू येथे सेकंदाला १,७५० घनफूट प्रवाह राखायचा, असे ठरले. तो मेळ काही पुरवठा करणारा आणि लाभ घेणारा यांच्यातला नव्हता, एका पुरवठ्यावरच्या दोन मागण्यांमधला होता. तुमच्या गुणोत्तरात हा प्रकार दिसतच नाही, कारण तिथे सगळी मागणी एकाच आकड्यात गोळा झालेली असते.

काठावरची

मान्य आहे. मात्र ग्राहक विखुरलेले असणे हे करार न करण्याचे कारण ठरत नाही, त्यामुळे फार तर कोणाशी बोलायचे ते आधी शोधावे लागते. मॉन्टेग्यूचा तो आकडा माझ्या म्हणण्यालाच बळ देतो, असे मला वाटते. शेवटी सगळे भांडण नदीवरच्या एका ठिकाणी आणि एका मोजमापावर येऊन थांबले.

उपखोरे

सर्वांचे मनापासून आभार. गेले चार दिवस पुन्हा आकडेमोड करत होतो. कार्बनच्या बाबतीत नकाशेवाल्यांची शंका खरी निघाली. पुरवठा कार्बनच्या वजनात आणि उत्सर्जन कार्बन डायऑक्साइडच्या वजनात होते. दोन वर्षे तो रकाना मी रोज उघडत होतो आणि शीर्षकातला फरक दिसला नाही, हे लिहितानाही संकोच वाटतो. एकके जुळवल्यावर तूट घटली, पण मातीचे श्वसन वजा केल्यावर त्यातून मिळालेले बरेचसे पुन्हा गेले. आता कार्बन मुख्य नकाशातून काढून स्वतंत्र तक्त्यात ठेवतो आहे.

धुपीसाठी मर्यादा ठरवून पाहिल्यावर चित्र पालटले. आधी हिरव्या दिसणाऱ्या डोंगरपायथ्याच्या दोन उपखोऱ्यांत धूप मर्यादेच्या कितीतरी वर आहे. तिथे पाऊसही जोराचा आणि उतारही तीव्र, त्यामुळे रोखलेला आकडा मोठा दिसत होता आणि वाहून जाणारी माती त्याच्या आड लपली होती. पाण्याचा ताळेबंद उपखोऱ्यांच्या क्रमाने मांडला, तेव्हा वर्षाच्या हिशेबात शहराला तूट नाहीच असे निघाले. आता हे मार्गदर्शकांना कसे सांगावे, हा नवा पेच आहे.

गाळकण

तूट नाही असे इतक्यात सांगू नका. वार्षिक बेरजेत पुराच्या आठवड्यातले पाणी कोरड्या महिन्यांच्या नावावर जमा होते. पुरात वाहून गेलेले पाणी तेव्हा कोणालाही उपयोगाचे नसते, उलट ते अडवून धरण्याची मागणी असते, आणि ती भागवणारी पूरमैदाने बहुधा शहराच्या अगदी वरच्या अंगाला असतात. नेदरलँड्समध्ये १९९५ च्या पुराच्या वेळी सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली, त्यानंतर तटबंध नुसते उंच करण्याऐवजी नदीलाच जागा मोकळी करून देण्याचे धोरण आले आणि ऱ्हाइन जिथे देशात शिरते त्या लोबिथ येथील संकल्पित महापूर (ज्याला तोंड देण्यासाठी रचना करायची तो) सेकंदाला १५,००० वरून १६,००० घनमीटर धरला गेला. तिथे काही शेतकऱ्यांनी आपली घरे आणि गोठे मातीच्या उंचवट्यांवर हलवले आणि शेते पुराला मोकळी ठेवली.

तेव्हा पाण्याचा तोच ताळेबंद आता महिन्यांनुसार मांडा. बाष्पोत्सर्जनाचे मासिक आकडे उपग्रहावरून मिळतात आणि नदीचा मासिक प्रवाह मोजणारे एखादे केंद्र तुमच्या खोऱ्यात असेलच. आधी त्या केंद्राच्या नोंदींशी प्रारूप ताडून पाहा, आणि ज्या महिन्यात ते सर्वाधिक चुकते तो महिना येथे कळवा. बहुधा तो पावसाळा संपल्यानंतरचा पहिला कोरडा महिना निघेल, कारण भूजलातून नदीत झिरपणारे पाणी तुमच्या सध्याच्या प्रारूपात कोठेच नाही.